प्रश्न तुमचे : लसीच्या राखीव साठ्यात नेमका कोणता स्ट्रेन ठेवायचा?

मागच्या अंकात लाळ्या-खुरकूतच्या लसीचा राखीव साठा, म्हणजे ज्याला व्हॅक्सीन बँक म्हणतात, आणि त्यात कोणता स्ट्रेन (व्हायरसचा ठरावीक वाण) ठेवायचा, त्याबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. सारखेच प्रश्न एकत्र केलेत.

प्रश्न : डॉक्टर, नमस्कार. आमच्याकडे दुभती जनावरं आहेत आणि लाळ्या-खुरकूतची लस आम्ही नियमित टोचून घेतो. लस ती लसच ना? मग साठा करताना कुठला स्ट्रेन घ्यायचा यावर एवढा खल कशाला, सगळ्यांवर चालेल अशी एकच लस भरून ठेवली की झालं नाही का?
— दूध व्यवसायातले एक वाचक

अशी एकच लस असती तर फार बरं झालं असतं, पण ती नाहीये. लाळ्या-खुरकूतच्या व्हायरसचे सात सिरोटाइप, म्हणजे मोठे प्रकार, आहेत : ओ, ए, सी, एशिया-१, आणि सॅट-१, सॅट-२, सॅट-३. यातल्या एकाची लस दुसऱ्यावर चालत नाही, अजिबात नाही. ओ ची लस टोचलेल्या गाईला ए ने गाठलं तर तिला लस टोचलीच नव्हती असं समजा. एकदा ओ ने आजारी पडून बरं झालेलं जनावरही ए ने पुन्हा आजारी पडतं, ते याच कारणाने.

आणि हे इथेच थांबत नाही. एकाच सिरोटाइपच्या आतही व्हायरस बदलत राहतो, कारण तो आरएनए व्हायरस आहे, स्वतःची कॉपी काढताना त्याच्या चुका होतात आणि त्या दुरुस्त करायची सोय त्याच्याकडे नाही. त्यामुळे एकाच ए मध्ये इतक्या वेगवेगळ्या शाखा झाल्यात की एका ए ची लस दुसऱ्या ए वर अर्धवटच चालते, कधीकधी तेवढीही नाही. ओ त्या मानाने थोडा सरळ. तुम्ही जी नेहमीची लस टोचता ती तुमच्या भागात फिरणाऱ्या सिरोटाइपसाठी बनवलेली असते. राखीव साठा असतो तो अजून आलेलाच नाही अशा व्हायरससाठी, तो कुठून येईल आणि कसा असेल हे आधी ताडावं लागतं, खल होतो तो तिथे.

प्रश्न : साठा म्हणजे मोठ्या कोल्ड स्टोरेजमध्ये लसीच्या बाटल्या ठेवलेल्या असतात का? त्या एक्सपायर होत नाहीत?
— एक वाचक

बाटल्या नसतात. तयार लस दोन ते आठ डिग्रीला ठेवली तरी साधारण वर्ष-दोन वर्षंच टिकते, त्यामुळे लाखो डोस बाटलीत भरून ठेवले तर वाट बघण्यातच संपतील. म्हणून साठवतात ते अँटिजेन, म्हणजे लसीतला खरा कामाचा भाग.

हे कसं करतात ते जरा सविस्तर सांगते, कारण पुढची उत्तरं यावरच अवलंबून आहेत. निवडलेला व्हायरस मोठमोठ्या टाक्यांमध्ये बीएचके-२१ नावाच्या पेशींवर वाढवतात, मग बायनरी इथिलीनइमाइन हे केमिकल घालून तो पूर्ण निष्क्रिय करतात, गाळून शुद्ध करतात आणि इतका आटवतात की थोड्याशा द्रवात हजारो डोसचं अँटिजेन मावतं. ते लिक्विड नायट्रोजनच्या टाकीत, उणे १३० डिग्रीच्याही खाली, ठेवतात आणि तिथे ते वर्षानुवर्षं टिकतं. साथ आली की बाहेर काढायचं, बफरमध्ये पातळ करायचं, तेल किंवा दुसरं अ‍ॅडज्युव्हंट (लसीचा परिणाम वाढवणारा पदार्थ) मिसळायचं, बाटल्या भरायच्या. हे काही दिवसांत होतं. तेच बँकेत नसलेला नवा स्ट्रेन शून्यापासून उभा करायचा तर तो आधी पेशींवर नीट वाढेल असा करावा लागतो, सीड, म्हणजे पुढे वाढवायचा मूळ व्हायरस, तयार करावं लागतं, सुरक्षितता आणि ताकद तपासावी लागते, यात कित्येक महिने जातात आणि व्हायरस तेवढं थांबत नाही, एका जनावरातून दुसऱ्यात जाऊन फोड यायला त्याला दोन ते चौदा दिवस पुरतात.

अजून एक गोष्ट, जिच्याकडे स्ट्रेन निवडताना लोकांचं लक्ष जात नाही. व्हायरसचा अख्खा कण शाबूत असेल तरच लस काम करते, प्रयोगशाळेत त्याला १४६ एस कण म्हणतात. उष्णता किंवा आम्ल लागलं की तो फुटून १२ एस तुकडे होतात आणि ते जवळपास निरुपयोगी. सॅट गटाचे आणि ओ चे कण तुलनेने नाजूक असतात. म्हणजे एखादा स्ट्रेन कागदावर कितीही छान जुळत असला तरी तो टाकीत भरपूर वाढत नसेल किंवा साठवणुकीत फुटत असेल तर बँकेला त्याचा काय उपयोग?

प्रश्न : मी पशुवैद्यकीय पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. व्हॅक्सीन मॅचिंगमध्ये आर-वन व्हॅल्यू ०.३ च्या वर असेल तर लस चालेल, खाली असेल तर नाही, असं आम्ही पाठ केलंय. साठ्यातला स्ट्रेन याच आकड्यावर निवडतात का?
— एक विद्यार्थिनी

हा प्रश्न वाचून खरंच आनंद झाला, कारण सगळ्यात जास्त गैरसमज याच आकड्याबद्दल आहे. आधी बाकीच्या वाचकांसाठी : व्हॅक्सीन मॅचिंग म्हणजे साठ्यातली लस बाहेरच्या व्हायरसशी किती जुळते ते बघणं. ज्या गाईंना लस टोचली त्यांचा सीरम (रक्तातला अँटिबॉडी असलेला पातळ भाग) घ्यायचा, तो लसीतल्या व्हायरसला किती पातळ केला तरी रोखतो ते बघायचं, आणि बाहेरून आलेल्या व्हायरसला किती रोखतो ते बघायचं. समजा लसीच्या व्हायरसला १:२५६ पर्यंत रोखला आणि बाहेरच्याला १:६४ पर्यंतच, तर ६४ भागिले २५६, म्हणजे आर-वन ०.२५. या रोखण्याच्या, म्हणजे न्यूट्रलायझेशन टेस्टमध्ये ०.३ किंवा त्याहून जास्त आला तर जुळतंय असं धरतात, एलायझा या दुसऱ्या टेस्टने केलं तर हद्द ०.४.

आता वरच्याच उदाहरणात बघा. ०.२५ आला म्हणून तुम्ही लस नाकारली. पण बाहेरच्या व्हायरसविरुद्ध १:६४ अँटिबॉडी तर आहेतच ना? लस दुप्पट-चौपट ताकदीची केली तर दोन्ही टायटर (१:६४, १:२५६ हे आकडे) वर जातील, गुणोत्तर तेच ०.२५ राहील, पण गाय मात्र वाचेल. आर-वन सांगतो ते दोन व्हायरस एकमेकांपासून किती लांब आहेत, जनावर वाचेल का याचं ते अर्धंच उत्तर आहे. उरलेलं अर्धं लसीच्या ताकदीत असतं आणि ती पीडी-५० मध्ये मोजतात. जेवढ्या मात्रेने निम्मी जनावरं वाचतात ती एक पीडी-५०. नेहमीच्या लसीच्या एका डोसमध्ये किमान तीन लागतात, तातडीच्या साठ्यासाठी सहा किंवा जास्त. ए सिरोटाइपवर गाईंमध्ये झालेल्या प्रयोगांत असं दिसलंय की नीट न जुळणारी लससुद्धा जास्त ताकदीची असेल तर चांगलं संरक्षण देते. जास्त ताकदीच्या लसीने संरक्षण लवकरही सुरू होतं, चार ते सात दिवसांत, आणि साथीच्या मध्यावर ते फार मोलाचं असतं.

शिवाय ही टेस्ट पेशींवर होते, सीरम कुणाचा, पेशी कुठल्या, हात कुणाचा यावर आकडा हलतो, त्यामुळे एकाच टेस्टच्या ०.२८ वर निर्णय घेणं बरोबर नाही, ती पुन्हा पुन्हा करायला हवी. पक्की खात्री हवी तर गाईंना लस टोचून साधारण तीन आठवड्यांनी जिभेत व्हायरस टोचतात आणि आठवडाभराने पायांवर फोड आलेत का बघतात. एका पद्धतीत १६ गाई घेतात आणि त्यातल्या १२ वाचल्या तर लस पास. हे खर्चिक आहे, कडक बंदोबस्ताची प्रयोगशाळा लागते आणि त्या गाईंना त्रास होतो, म्हणून ते मोजक्याच वेळा करावं असं माझं स्पष्ट मत आहे.

आकड्याकडे दुर्लक्ष करा असंही मी म्हणत नाहीये हं. २०१५ मध्ये ए सिरोटाइपची जी-सेव्हन नावाची शाखा दक्षिण आशियातून सौदी अरेबिया, इराण, तुर्कस्तानात पोचली, आणि तिच्यापुढे तिकडचे नेहमीचे ए स्ट्रेन मॅचिंगमध्ये फारच कमी पडले. तिथे ताकद वाढवून भागणार नाही असं दिसल्यावर तिच्यासाठी नवा लस-स्ट्रेन तयार करावा लागला. म्हणून परीक्षेत ०.३ लिहा, पण साठ्याबद्दल बोलताना "किती पीडी-५० ची लस" हे विचारल्याशिवाय त्या आकड्यावर मत देऊ नका.

प्रश्न : माणसांच्या फ्लूच्या लसीत दर वर्षी नवा स्ट्रेन घेतात. मग जनावरांच्या साठ्यात १९५०-६० च्या दशकातले स्ट्रेन अजून का ठेवतात? हा निष्काळजीपणा नाही का?
— एक निवृत्त शिक्षक

सर, यादी बघितली की कुणालाही असंच वाटेल. ए-२४ क्रुझेरो ब्राझीलमधला, १९५५ चा. ओ-१ कँपोस तिथलाच, १९५८ चा. ए-२२ इराक १९६४ चा, ओ-१ मनिसा तुर्कस्तानातला १९६९ चा, एशिया-१ शमीर इस्रायलमधला १९८९ चा. आणि हे स्ट्रेन जगभरातल्या बँकांमध्ये वर्षानुवर्षं वरच्या प्राधान्यावर राहिलेत.

पण स्ट्रेन जुना म्हणजे कुचकामी असं नसतं. यातले काही स्ट्रेन असे आहेत की त्यांच्यापासून तयार होणाऱ्या अँटिबॉडी खूप वेगवेगळ्या व्हायरसना पकडतात, ते कारखान्यात भरपूर वाढतात, आणि त्यांचं वागणं दशकानुदशकं तपासलेलं आहे. उलट कालपरवा सापडलेला स्ट्रेन स्वतःच्या शाखेवर उत्तम चालेल, पण शेजारच्या शाखेवर चालेलच असं नाही. फ्लूची लस त्याच हंगामात वापरून संपते, म्हणून दर वर्षी नेम धरणं परवडतं. इथे आज गोठवलेलं अँटिजेन कदाचित पाच-सात वर्षांनी वापरायचंय, तेव्हा काय फिरत असेल कुणाला ठाऊक, त्यामुळे मला विचाराल तर अचूक पण अरुंद स्ट्रेनपेक्षा थोडा कमी अचूक पण रुंद स्ट्रेन साठ्यात कधीही बरा. फक्त तो रुंद आहे हे दर वर्षी नव्या नमुन्यांवर तपासून बघायला हवं, गेल्या वेळी होता म्हणून या वेळीही असेल असं धरून चालायचं नाही. आणि ए च्या बाबतीत तर एका स्ट्रेनवर भागतच नाही, दोन-तीन ठेवावे लागतात.

प्रश्न : बजेट कमी असेल आणि चार-पाचच स्ट्रेन घेता येणार असतील तर निवड कशी करायची? काही सूत्र आहे का?
— पशुसंवर्धन खात्यात काम करणारे एक वाचक

सूत्र आहे, आणि ते समजायला अवघड नाही. तीन गोष्टी बघायच्या. व्हायरस कुठून येण्याची शक्यता किती, त्या भागात कुठले सिरोटाइप आणि कुठल्या शाखा किती प्रमाणात फिरतात, आणि आपल्या विचारातला लस-स्ट्रेन त्यातल्या कशाकशावर चालतो. या कामासाठी जग सात पट्ट्यांत वाटलंय, पूर्व आशिया, दक्षिण आशिया, पश्चिम आशिया, आफ्रिकेचे तीन आणि दक्षिण अमेरिका. इंग्लंडमधल्या पिरब्राइटच्या जागतिक संदर्भ प्रयोगशाळेने आणि युरोपातल्या लाळ्या-खुरकूत आयोगाने मिळून प्रॅगमॅटिस्ट नावाचं एक टूल बनवलंय, त्यात हे तिन्ही भरलं की प्रत्येक स्ट्रेनला गुण मिळतात.

पण फक्त गुणांच्या क्रमाने वरचे पाच उचलले तर फसाल. कल्पनेतलं उदाहरण घ्या. सगळ्या धोक्याचे १०० भाग केले. 'क' स्ट्रेन ६० भागांवर चालतो, 'ख' ५५ वर, 'ग' फक्त २५ वर. पहिला अर्थातच 'क'. दुसरा? 'ख' च्या ५५ मधले ५० 'क' ने आधीच झाकलेत, म्हणजे त्याच्याने भर पडते ५ ची. 'ग' च्या २५ मधले २० नवे आहेत. म्हणून दुसरा 'ग', गुण कमी असूनही. क्रिकेटची टीम निवडताना सगळेच ओपनर घेत नाहीत, तसंच हे. प्रत्येक नव्या स्ट्रेनला एकच प्रश्न विचारायचा : आधीच्यांनी न झाकलेलं तू काय झाकतोस?

पट्ट्यांवर विसंबूनही राहायचं नाही, कारण व्हायरस पट्टा सोडतो. सॅट म्हणजे आफ्रिकेचा असं डोक्यात पक्कं बसलेलं असताना २०१२ मध्ये सॅट-२ ने इजिप्तमध्ये हाहाकार केला, २०२३ मध्ये सॅट-२ ची आणखी एक शाखा इराक, जॉर्डन, तुर्कस्तानात निघाली, आणि २०२५ मध्ये इराकमध्ये सॅट-१. भारतीय उपखंडातली ओ ची इंड-२००१ ही शाखा तर २०१३ पासून उत्तर आफ्रिकेत आणि मग आग्नेय आशियातही पोचली, २०२२ मध्ये इंडोनेशियात जी साथ आली ती याच शाखेची. म्हणून एखादी जागा कमी शक्यतेच्या पण महाभयंकर पाहुण्यासाठी ठेवावी असं मला वाटतं. सी ला मात्र मी ती जागा देणार नाही. तो २००४ नंतर जगात कुठेच सापडलेला नाही, आणि त्याची लस बनवायची म्हणजे तोच जिवंत व्हायरस कारखान्यात वाढवायचा.

आणि डोस किती, हे विसरू नका. दहा स्ट्रेनचे थोडे थोडे डोस ठेवले तर यादी छान दिसते पण साथ आली की एका जिल्ह्यालाही पुरत नाहीत. त्यापेक्षा कमी स्ट्रेन, भरपूर डोस, आणि बाकीच्यांसाठी इतर देशांबरोबर भागीदारी. अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिकोने १९८२ मध्ये एकत्र बँक काढली ती याच विचाराने.

प्रश्न : एवढा साठा असूनही २००१ मध्ये ब्रिटनने लाखो जनावरं मारलीच ना? मग उपयोग काय?
— एक वाचक

मारली, साठ लाखांहून जास्त, आणि लस असूनही टोचली नाही. तिथे स्ट्रेनचा प्रश्न नव्हता, व्यापाराचा होता. साधारण नियम असा की लस न टोचता बाधित जनावरं मारून साथ संपवली तर तीन महिन्यांनी निर्यातीसाठी लागणारा रोगमुक्तीचा दर्जा परत मागता येतो, लस टोचून जनावरं जगवली तर सहा महिन्यांनी. असा दर्जा लवकर परत मिळावा म्हणून नेदरलँड्सने त्याच वर्षी लस टोचलेली जनावरंही नंतर मारली. उरुग्वेने मात्र २००१ मध्येच देशभरच्या गाईगुरांना लस टोचून साथ आटोक्यात आणली आणि फार थोडी जनावरं मारली. मला उरुग्वेचा रस्ता पटतो. त्यासाठी साठ्यातलं अँटिजेन नीट शुद्ध केलेलं हवं, म्हणजे लसीमुळे आलेल्या अँटिबॉडी आणि खऱ्या लागणीच्या अँटिबॉडी रक्ताच्या तपासणीत वेगळ्या ओळखता येतात आणि निरोगी जनावर संशयावरून मरत नाही.

आणि साठा असला की निदान निर्णय घेता येतो. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत ब्रांडेनबुर्गच्या म्हशींमध्ये ओ निघाला, १९८८ नंतर पहिल्यांदा. कुठला स्ट्रेन जुळतो ते लगेच तपासून बँकेतून लस तयार करायला सांगितलीसुद्धा. साथ पुढे पसरली नाही, त्यामुळे टोचायची वेळ आली नाही.

प्रश्न : लम्पी, पीपीआर, ब्लूटंग यांच्या साठ्यालाही हीच डोकेदुखी आहे का?
— दोन-तीन वाचक

लम्पी आणि पीपीआरला नाही. पीपीआर म्हणजे शेळ्या-मेंढ्यांचा प्लेग, त्याच्या व्हायरसच्या चार शाखा आहेत पण सिरोटाइप एकच, एकच लस सगळीकडे चालते. बुळकांड्या २०११ मध्ये जगातून गेला त्यातही हे एक मोठं कारण होतं. लम्पीचा व्हायरस डीएनएचा, फार बदलत नाही. ब्लूटंग मात्र लाळ्या-खुरकूतच्याच वळणावर. दोन डझनांहून जास्त सिरोटाइप आहेत. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये नेदरलँड्समध्ये तीन नंबरचा निघाला तेव्हा आठ नंबरची लस काही कामाची नव्हती, आणि तीनची लस हातात यायला पुढचं वर्ष उजाडलं. तोवर मेंढ्या मरत राहिल्या.

प्रश्न : हे सगळं मोठ्या प्रयोगशाळांचं काम झालं. यात आमच्यासारख्या जनावरं पाळणाऱ्यांनी काय करायचं?
— एक वाचक भगिनी

ताई, यात सगळ्यात मोठा वाटा तुमचाच आहे, खरंच. वर जे सूत्र सांगितलं, जे टूल सांगितलं, त्यात भरायची माहिती येते ती गोठ्यातल्या नमुन्यातून. जिथून नमुने येत नाहीत तिथे व्हायरस नाही असं त्या नकाशावर दिसतं, आणि खरं तर तिथेच नवी शाखा वाढत असू शकते. नमुना न पाठवणं हे साठ्यातला चुकीचा स्ट्रेन निवडण्यासारखंच आहे, फक्त ते दिसत नाही.

म्हणून लाळ गळायला लागली, जनावर लंगडायला लागलं, की घरगुती उपाय करत बसण्याआधी पशुवैद्यकांना कळवा, त्याच दिवशी. नमुना तुम्ही स्वतः घेऊ नका, आणि जनावर हलवू नका. डॉक्टरांना हवी असते ती ताज्या फोडाची साल, जिभेवरची, हिरडीवरची किंवा खुरांच्या बेचक्यातली, न फुटलेल्या किंवा नुकत्याच फुटलेल्या फोडाची, साधारण एक ग्रॅम. ती नुसत्या पाण्यात किंवा फॉर्मेलिनमध्ये टाकायची नसते, ग्लिसरीन आणि फॉस्फेट बफरच्या मिश्रणात, सात-साडेसातच्या पीएचला, थंड ठेवून पाठवायची असते, कारण आम्लता थोडी जरी वाढली तरी हा व्हायरस मरतो आणि मग प्रयोगशाळेत काहीच वाढत नाही. तोंड धुवून त्यावर औषध लावलं की हीच साल वाया जाते, म्हणून डॉक्टर येईपर्यंत ताज्या फोडांना हात लावू नका. चार-सहा दिवस उलटून जखमा भरत आल्या असतील तर फोडात फारसं काही मिळत नाही, तेव्हा घशातून प्रोबँग नावाच्या चमच्याने खरवड काढतात.

गेल्या वर्षीही आलं होतं, तेच असेल, म्हणून सोडून देऊ नका. तेच आहे की बदललंय हे जिभेकडे बघून कुणालाही सांगता येत नाही, मलाही नाही. आणि नमुन्याबरोबरच्या फॉर्मवर शेवटची लस कधी टोचली आणि बाटलीवरचा बॅच नंबर काय होता हे आठवणीने लिहायला लावा, कारण लस टोचलेल्या कळपात फोड आले असतील तर प्रयोगशाळेला तोच नमुना सगळ्यात आधी हवा असतो.